वापरलेले सिंगल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्वर घेताना काय काय तपासावे?

ह्यूस्टनकर

नमस्कार मंडळी. ग्रीन कार्ड मिळाल्यापासून मनात घोळत असलेला एक बेत आता प्रत्यक्षात आणावा असे म्हणतो आहे. मला सिंगल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्वर घ्यायचे आहे. प्रत्येक बारापूर्वी घोडा अंगठ्याने मागे ओढायचा आणि चापाने फक्त तो सोडायचा, ही जुनी पद्धत मला आवडते. उद्देश एवढाच, की रेंजवर जाऊन शांतपणे कागदी लक्ष्यावर नेम धरावा. घराच्या संरक्षणासाठी किंवा कमरेला लावून हिंडण्यासाठी ते नको आहे.

जवळच्या एका दुकानात वापरलेल्या शस्त्रांच्या काचेच्या कपाटात रुगर कंपनीची दोन ब्लॅकहॉक आहेत, दोन्ही .३५७ मॅग्नम. एकाच्या चौकटीवर तीन स्क्रू दिसतात, म्हणजे ते १९७३ पूर्वीचे. दुसरे न्यू मॉडेल असून त्याच्या नळीवर अमेरिकन स्वातंत्र्याच्या दोनशेव्या वर्षी बनवल्याचा ठसा आहे, आणि त्या ठशामुळे ते दुर्मिळ असल्याचे सांगून दुकानदार जास्त पैसे मागतो आहे. शेजारी एक कोल्टही आहे, पण त्याच्या किमतीकडे पाहून मी नमस्कार केला आणि पुढे सरकलो.

जुने घ्यावे की नवे? आणि काउंटरवर उभ्या उभ्या, हत्यारे न वापरता, काय काय तपासता येते?

जुनेसोने

आधी त्या ठशाचा निकाल लावतो. १९७६ साली रुगरने बनवलेल्या सगळ्याच बंदुकांवर तो ठसा आहे. वर्ष ओळखायला त्याचा उपयोग होतो. दुर्मिळतेशी त्याचा काही संबंध नाही. त्यासाठी एक डॉलरही जास्त देऊ नका.

आता जुने की नवे. दिसायला भाऊ-भाऊ असले तरी आतून ही दोन वेगळी यंत्रे आहेत. ब्लॅकहॉक १९५५ साली आले तेव्हा त्याची मांडणी १८७३ च्या कोल्टसारखीच होती: घोडा अर्धा ओढायचा, बाजूची झडप उघडायची, सिलिंडर हाताने फिरवत एकेक काडतूस भरायचे. त्यातला धोका असा, की घोडा खाली असताना तो थेट फायरिंग पिनवर, म्हणजे काडतुसाला ठोका देणाऱ्या खिळ्यावर, टेकलेला असतो. तशात खाली काडतूस असेल आणि रिव्हॉल्वर हातातून निसटून घोड्यावर पडले, तर बार उडू शकतो. म्हणून या जातीच्या सहाबारीत पाचच काडतुसे भरायची, हा शंभर वर्षांचा शिरस्ता आहे. एक भरा, एक खण सोडा, पुढचे चार भरा, घोडा पूर्ण मागे ओढा आणि अंगठ्याने धरून हळूच खाली न्या. तो बरोबर रिकाम्या खणावर येतो.

१९७३ च्या न्यू मॉडेलमध्ये घोडा आणि पिन यांच्यामध्ये ट्रान्स्फर बार नावाची पट्टी आली. चाप पूर्ण दाबलेला असेल तरच ती वर येऊन घोड्याचा आघात पिनपर्यंत पोचवते. त्यामुळे सहाही खण भरता येतात. भरतानाही घोड्याला हात लावावा लागत नाही. झडप उघडली की सिलिंडर मोकळा होतो. पहिलेच रिव्हॉल्वर असेल, तर माझे मत निःसंशय न्यू मॉडेलला.

आडवाटेचा

चला, म्हणजे यंदा खंडेनवमीला आमच्यासारखी विळी, पेचकस आणि लॅपटॉपची पूजा करायला नको. ह्यूस्टनकरांच्या घरी खरोखरचे शस्त्र असेल. पूजेचे फोटो टाका, फक्त हळदकुंकू घोड्याच्या खाचेत जाऊ देऊ नका.

तांबडीमाती

शस्त्राच्या आधी कागदपत्रांबद्दल चार शब्द लिहितो, कारण हा धागा वाचणारे बरेच जण अजून व्हिसावर असतील.

ग्रीन कार्डधारकाला संघीय कायद्याने बंदूक घेता येते. दुकानात ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो, त्यात ग्रीन कार्डवरचा क्रमांक लिहावा लागतो, राज्यातील वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि मग पार्श्वभूमी तपासणी होते. दुकानातून हँडगन घ्यायला वय २१ पूर्ण हवे. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना मात्र, काही ठरावीक अपवाद वगळता, बंदूक वा काडतुसे बाळगणे हाच गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना हा त्यांपैकी सर्वांना माहीत असलेला अपवाद. त्या आधारावर काही जण घेतात, पण परवान्याची मुदत संपली की सवलतही संपते, हे ध्यानात ठेवावे. या अर्जावर खोटे लिहिणे हा स्वतंत्र आणि गंभीर गुन्हा आहे. नागरिकत्वाच्या वाटेवर असलेल्या माणसाने त्या वाटेला जाऊच नये.

संथवाहिनी

तांबडीमाती यांच्या मुद्द्याला जोडून एक प्रश्न. नवऱ्याकडे ग्रीन कार्ड आहे आणि बायको मात्र अजून तात्पुरत्या व्हिसावर आहे, अशी घरे आमच्या ओळखीत आहेत. तिथे काय करावे?

तांबडीमाती

प्रश्न अगदी योग्य आहे. ‘बाळगणे’ म्हणजे फक्त हातात धरणे नव्हे. जिच्यावर आपला ताबा चालू शकतो अशी वस्तूही त्यात धरली जाऊ शकते. म्हणून तिजोरी कुलूपबंद असावी आणि तिची किल्ली किंवा आकडा फक्त ज्याला परवानगी आहे त्याच्याकडेच असावा. अशा घराने खरेदीआधी वकिलाचा सल्ला घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

लोहारकाम_चालू_आहे

कायदा झाला, आता लोखंडाकडे वळू. हौस म्हणून मी जुनी रिव्हॉल्वर उघडून साफ करतो, त्यामुळे सविस्तर लिहितो.

दुकानदाराने हातात दिल्याबरोबर झडप उघडून सहाही खण रिकामे असल्याची डोळ्यांनी खात्री करा. त्याने आताच पाहिले असले तरी आपण पुन्हा पाहायचे. मग घोडा ओढून पाहण्याची आणि रिकामा चाप दाबण्याची परवानगी मागा. न विचारता तसे करणे या मंडळींत असभ्य समजतात.

सगळ्यांत महत्त्वाची परीक्षा सिलिंडरच्या वेळेची. डाव्या हाताच्या बोटाने सिलिंडरला अगदी हलकासा अडसर करा आणि घोडा सावकाश मागे ओढा. घोडा शेवटच्या टप्प्यावर अडकेपर्यंत सिलिंडरही खाचेत बसून घट्ट व्हायला हवा. घोडा अडकला आणि सिलिंडर अजून केसभर मागे आहे, बोटाने ढकलल्यावर ‘टक्’ करून बसतो, असे झाले तर सिलिंडरला ढकलणारा भाग, ज्याला इकडे हँड म्हणतात, झिजला आहे असे समजा. ही परीक्षा सहाही खणांवर करा. पाच खण बरोबर आणि एक उशिरा, असेही आढळते.

त्यानंतर घोडा ओढलेला असताना सिलिंडर डावी-उजवीकडे हलवून पाहा. थोडीशी हालचाल चालते. मग पुढे-मागे हलवा; ही हालचाल जवळजवळ नसावी. नळी आणि सिलिंडर यांमधली फट मोजायला गॅरेजमधला फीलर गेज खिशात न्या. सिलिंडर मागे दाबून धरल्यावर .००४ ते .००८ इंच फट निघाली, तर उत्तम.

सिलिंडरच्या बाहेरच्या खाचा भिंगाखाली पाहा. त्यांच्या कडा ठोकल्यासारख्या पसरल्या असतील, तर आधीच्या मालकाने चित्रपटातल्यासारखे तळहाताने घोडा फटाफट मारलेला आहे. असे यंत्र सोडून द्यावे. सिलिंडरभोवती उमटलेल्या रेघेने मात्र घाबरू नका. कोल्टच्या जातीत ती रेघ हाताळणाऱ्याचा अडाणीपणा दाखवते, कारण अर्ध्या ओढलेल्या घोड्यावरून तो पूर्ण न ओढताच खाली सोडला, तर सिलिंडरला खाचेत अडकवणारी खिट्टी खाचांच्या मध्येच टेकते आणि घासत जाते. न्यू मॉडेल रुगरमध्ये झडप बंद केली की खिट्टी आपोआप वर येते, त्यामुळे तिथे ही रेघ जवळजवळ सगळ्यांवर असते.

घोडा पूर्ण ओढून, चापाला बोट न लावता, अंगठ्याने मागून पुढे ढकला. तो सुटला तर कुणीतरी चापाच्या खाचेवर कानस चालवली आहे; पुढे एक शब्दही न बोलता ते परत ठेवा. चाप संशय येण्याइतका हलका लागला, तर मुठीच्या फळ्या काढून दाखवायला सांगा. रुगरच्या चापाच्या स्प्रिंगला दोन पाय असतात, आणि त्यातला एक खुंटीवरून काढून ठेवला की चाप हलका होतो. ही फुकटातली युक्ती सर्रास चालते. त्याने बिघडत काही नाही, पण विकत घेणाऱ्याला ते ठाऊक असावे.

स्क्रूंची डोकी तर आधीच्या मालकाचा स्वभाव सांगतात. ओरखडलेली, कोपरे उडालेली डोकी दिसली, की आत कोणीतरी भलताच पेचकस घेऊन शिरला होता.

नेम_चुकला

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. त्यात नळीची भर घालतो. बारीक टॉर्च घेऊन नळीतून पाहताना आत कुठे काळसर कडे दिसले, तर जपून. एखादे कमजोर काडतूस नळीतच अडकले आणि मागून दुसरे झाडले, की नळी त्या जागी आतून फुगते. बाहेरून बोट फिरवल्यावर कधी कधी तो फुगवटा कळतोही.

.३५७ मॅग्नम असल्याने चौकटीच्या वरच्या पट्टीची आतली बाजू, बरोबर फटीच्या वर, पाहायला विसरू नका. गरम वायूंनी तिथे एक बारीक चर पडलेला असतो. तो उथळ असेल तर काळजी नको. काही काळाने त्याचे वाढणे आपोआप थांबते. पण चर खोल दिसला तर या बंदुकीने भरपूर मॅग्नम खाल्ले आहे, एवढे निश्चित.

पेटीबंद

सगळ्यांनी न्यू मॉडेलचा जयघोष चालवला आहे, त्यात मी विरोधी सूर लावतो. तीन स्क्रूंच्या जुन्या ब्लॅकहॉकचा घोडा ओढताना जे एकामागून एक खटके ऐकू येतात आणि चाप जसा काच तुटावी तसा स्वच्छ सुटतो, ते न्यू मॉडेलमध्ये नाही. संग्राहकाच्या दृष्टीने त्याची किंमत टिकते, वाढते. फक्त एक गोष्ट विचारून घ्या. रुगर १९८२ पासून जुन्या रिव्हॉल्वरमध्ये सुरक्षिततेची पट्टी विनामूल्य बसवून देते आणि काढलेले मूळ भाग मालकाला परत पाठवते. हा बदल झालेला आहे का? झाला असेल, तर मूळ भागांची पिशवी आहे का? बदल न झालेल्याला जास्त भाव, पिशवीसह असलेल्याला त्याखालोखाल, आणि पिशवी हरवलेल्याला सर्वांत कमी. हे तपासायचे तर रिकामे असल्याची खात्री करून घोडा ओढा, चाप दाबून धरा, अंगठ्याने घोडा थोडाच पुढे येऊ द्या आणि फटीत डोकावा. पिनसमोर पट्टी वर आलेली दिसली, तर बदल झाला आहे.

घेतले तर बदल करू नका, पाच भरा आणि सुखी राहा.

जुनेसोने

पेटीबंद, तुमच्या हातात ते शोभते, कारण पाच भरायची सवय तुमच्या बोटांत मुरलेली आहे. नव्या माणसाला रेंजवर कुणीतरी गप्पांत गुंतवतो आणि तो सहावे काडतूस सरकवतो. रुगरने फुकट बदल करून द्यायचे ठरवले, ते काही संग्राहकांना चिडवण्यासाठी नव्हे.

संथवाहिनी

मला मूळ कल्पनेबद्दलच शंका आहे, आणि ती मोकळेपणाने मांडते. घरात शाळकरी मुले आहेत का? नेमबाजीची हौस असेल, तर रेंजवर भाड्याने शस्त्र मिळते. ते घरात आणून ठेवायलाच हवे का?

ह्यूस्टनकर

मुलगी आठवीत आहे, आणि हीच चर्चा घरीही झाली. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालील मुलाच्या हाती लागेल असे भरलेले शस्त्र ठेवणे हा गुन्हा आहे, आणि तो असलाच पाहिजे. तिजोरी आधी येईल, रिव्हॉल्वर नंतर. काडतुसे वेगळ्या कुलपात. भाड्याच्या शस्त्रांत मला आमच्या भागात सिंगल-अ‍ॅक्शन कुठे सापडले नाही, जवळजवळ सगळी पिस्तुलेच असतात. तुमची शंका मला पटते. ती विचारात घेऊनच पुढे जातो आहे.

कृष्णाकाठ

साताऱ्याहून वाचतो आहे. आजोबांकडे परवान्याचे रिव्हॉल्वर होते, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा. आपल्याकडे असे वापरलेले सिंगल-अ‍ॅक्शन मिळू शकते का?

पेटीबंद

भारतात गाडी उलट्या दिशेने चालते. आधी परवाना, मग वस्तू. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवानाधारकाने आपले खासगी शस्त्र दुसऱ्या पात्र व्यक्तीला विकायचे असेल, तर जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला सर्वसाधारणपणे दोनच शस्त्रे ठेवता येतात. बाजारात दिसतात ती बहुतेक कानपूरच्या सरकारी कारखान्याची .३२ रिव्हॉल्वर, आणि ती डबल-अ‍ॅक्शन, म्हणजे नुसता चाप ओढूनही चालणारी. काउबॉय धाटणीचे शोधत बसाल, तर आजोबांच्या काळातले एखादे पाहुणे शस्त्र भेटले तरच.

बे_एरियाचा_बाळू

कॅलिफोर्नियातल्या वाचकांसाठी एक चांगली बातमी. इथल्या दुकानांत राज्याच्या यादीत असलेलीच नवी हँडगन विकता येते, हे सर्वांना माहीत आहे. पण किमान पाच काडतुसांचे, तीन इंच वा अधिक नळीचे आणि एकूण साडेसात इंच लांबीचे सिंगल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्वर त्या यादीच्या अटीतून वगळलेले आहे. त्यामुळे आमच्यासारख्या पीडितांना निवड करायला निदान या एका जातीत तरी वाव आहे. सुरक्षितता प्रमाणपत्र आणि दहा दिवसांची प्रतीक्षा मात्र चुकत नाही, आणि दोन व्यक्तींमधला व्यवहारही दुकानामार्फतच करावा लागतो.

नेम_चुकला

ह्यूस्टनकर कोल्टला नमस्कार करून पुढे गेले हे बरे केले, पण कुणाला मोह झालाच, तर दोन गोष्टी. कोल्टच्या सिंगल-अ‍ॅक्शनची पहिली पिढी १८७३ पासून दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीपर्यंत चालली, दुसरी १९५६ पासून, तिसरी १९७६ पासून. १९५६ नंतरच्या क्रमांकात ‘एसए’ अक्षरे असतात. पहिल्या पिढीतले सुरुवातीचे रिव्हॉल्वर काळ्या दारूसाठी बनलेले आहेत. धूररहित दारूची हमी कोल्टने १९०० साली दिली, म्हणून त्याआधीच्यात आजची काडतुसे भरू नयेत. आणि महागडे कोल्ट घ्यायचे असेल, तर कंपनीच्या दप्तरातून त्या क्रमांकाचे पत्र मागवता येते. मूळची नळी किती लांबीची होती, कोणती काडतुसे चालत होती, कुठे पाठवले होते, ते त्यात असते. फिरवून लावलेल्या नळ्या आणि नव्याने चढवलेला निळा रंग यांचा बाजार मोठा आहे. पुन्हा घासून रंगवलेल्या शस्त्रावर अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खळगा पडतो.

.४५ कोल्ट घेणाऱ्यांनी आणखी सावध असावे. घरी काडतुसे भरण्याच्या पुस्तकांत ‘फक्त रुगरसाठी’ म्हणून दिलेले दारूचे जोरदार भार मोठ्या चौकटीच्या ब्लॅकहॉकसाठी आहेत. ते कोल्टमध्ये, इटालियन प्रतिकृतींत किंवा रुगरच्याच २००५ पासूनच्या लहान चौकटीच्या न्यू व्हकेरोमध्ये चालत नाहीत.

आडवाटेचा

आता आम्ही कॉफी ओतून घेतली आहे. ह्यूस्टनकर, तुम्ही दुकानात गेलात का, की हा धागा वाचूनच सेवानिवृत्त होणार?

ह्यूस्टनकर

जाऊन आलो. भिंग, टॉर्च आणि फीलर गेज पाहून काउंटरवरचा माणूस आधी हसला, पण मग स्वतःच रस घेऊ लागला.

तीन स्क्रूंचे जुने दिसायला देखणे आहे, बदल झालेला नाही. पण सिलिंडरला बोट लावून घोडा ओढला, तेव्हा दोन खणांवर सिलिंडर उशिरा बसला. घोडा अडकल्यावर बोटाने ढकलल्यावरच ‘टक्’ आवाज आला. लोहारकाम यांनी वर्णन केले होते, हुबेहूब तसेच. एका स्क्रूचे डोकेही ओरखडलेले आहे.

१९७६ चे न्यू मॉडेल सहाही खणांवर वेळेत बसते. फट .००६ इंच. वरच्या पट्टीवर उथळ चर, नळी स्वच्छ. सिलिंडरभोवती रेघ आहे, पण तिचे कारण आता कळले आहे. ठशाचे महत्त्व मी नम्रपणे समजावल्यावर दुकानदाराने ठशापुरती वाढवलेली रक्कम उतरवली.

लोहारकाम_चालू_आहे

मग विचार कसला करता? एवढे मात्र जुन्याच्या बाजूने सांगतो, की उशिरा बसणारा सिलिंडर असाध्य रोग नव्हे. चांगला गनस्मिथ नवा हँड घासून बसवतो आणि काम होते. दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करून मागा, एवढेच.

पेटीबंद

दुकानदार तेवढा उतरला, तर जुने मला कळवा. मी टेक्सासचाच रहिवासी आहे, स्वतः येऊन अर्ज भरीन.

जुनेसोने

एकाच कपाटातल्या दोन वस्तूंना दोन योग्य घरे मिळत असतील, तर या धाग्याने बरेच काम केले म्हणायचे.

ह्यूस्टनकर, एक शेवटची तपासणी राहिली आहे, ती पैसे देण्याआधी करा. .३५७ च्या रिव्हॉल्वरमध्ये आखूड .३८ स्पेशल काडतुसेही चालतात, आणि ती स्वस्त असल्याने लोक वर्षानुवर्षे तीच झाडतात. त्यामुळे खणांत, आखूड काडतुसाच्या तोंडापुढे, काजळी आणि शिशाचे एक कडे साचते. दुकानदाराला .३५७ ची रिकामी पुंगळी मागा आणि सहाही खणांत सरकवून पाहा.

ह्यूस्टनकर

पाहिले. चार खणांत पुंगळी सहज गेली, दोनांत शेवटच्या टोकाला अडकली. हे साफ होते का, की खण खराब झाले म्हणायचे?

लोहारकाम_चालू_आहे

पितळी ब्रश, सॉल्व्हंट आणि थोडा धीर, एवढ्याने निघते. ब्रश मागच्या बाजूने घाला, फिरवत पुढे न्या, रात्रभर भिजू द्या आणि सकाळी पुन्हा घासा. सिलिंडर बाहेर काढताना बेस पिनची, म्हणजे सिलिंडर ज्या दांड्यावर फिरतो त्याची, खिट्टी दाबून धरा, पिनला पक्कड लावू नका. मग पुंगळी पुन्हा घालून पाहा. सहाही खणांत आपल्या वजनाने खाली गेली, की झाले.